बाईला काय विचारावं?

दर पंधरवड्याला मी तुमच्याशी बोलते ते बहुतेक वेळा बँकेचं, कर्जाचं आणि गटाच्या हिशेबाच्या वहीचं असतं. आज जरा वेगळं बोलणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. लग्न झालं, गटाचं काम आलं आणि ती पुस्तकं माळ्यावर गेली. मागच्या वर्षी ती पुन्हा खाली काढावी लागली. कशामुळे, ते सांगते. त्यासाठी आधी माझी एक चूक सांगायला हवी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या एका गटातल्या मावशींना जिल्ह्याच्या मेळाव्यात बक्षीस मिळालं. त्यांनी गटातून कर्ज काढून मिरची कांडप यंत्र घेतलं होतं, पुढं पिठाची गिरणी टाकली आणि कर्ज मुदतीच्या आधी फेडलं. पेपरात फोटो आला, गावात बॅनर लागलं. आमच्या पंचक्रोशीपुरत्या का होईना, मावशी सेलिब्रिटी झाल्या. मग त्यांची रेडिओवर मुलाखत घ्यायचं ठरलं, आणि घेणार होते मी.

मी तयारी काय केली? टीव्हीवरच्या मुलाखती बघितल्या. पाहुणी रडायला आली की मागचं संगीत वाढतं, समोरचा माणूस आवाज हळू करतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मला वाटलं, चांगली मुलाखत म्हणजे हेच. गिरणीचे दोन प्रश्न उरकले आणि मी आवाज हळवा करून विचारलं, "मावशी, मालक सोडून गेले ती रात्र आठवते का हो?"

मावशी गप्प झाल्या. त्या शांततेत पंख्याची घरघर तेवढी रेकॉर्ड झाली आहे. मग त्या बोलल्या. का बोलल्या, ते मला फार उशिरा कळलं. त्यांना वाटलं, रेडिओवर विचारलं म्हणजे सांगावंच लागतं. काय बोलल्या ते आज मी पुन्हा सांगणार नाही.

मुलाखत गाजली. मला फोन आले, कौतुक झालं. आठ दिवसांनी गटाची बैठक होती. मावशी आल्या नाहीत. बचतीचे दोनशे रुपये शेजारच्या पोरीच्या हाती पाठवले. पुढच्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं की नववीतल्या त्यांच्या लेकीला वर्गातल्या पोरांनी त्या रात्रीवरून चिडवलं होतं, आणि लेक आईशी बोलत नव्हती. मावशींनी मला चहा दिला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, मशीनचं विचारलं असतं तर मी तासभर बोलले असते."

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. चार लोकांत नाव कमावलेल्या बाईला तिच्या कामाचं सोडून घरचं विचारायची ही रीत आली कुठून? आणि आपल्या आधीच्या बायकांनी तिला तोंड कसं दिलं? म्हणून पुस्तकं खाली काढली. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगते.

सतरा वर्षांची मुलगी आणि सहा प्रश्न

पहिली गोष्ट १८८३ सालची आहे. आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. आपल्याकडच्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक. जन्म १८६५चा, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न झालं, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव टपाल खात्यात होते. बदली होत होत हे जोडपं बंगालमध्ये श्रीरामपूरला पोचलं. आनंदीबाई डॉक्टरकीसाठी अमेरिकेला जाणार, तेही एकट्या, ही बातमी पसरली आणि त्यांच्यावर प्रश्नांचा भडिमार सुरू झाला.

त्या काळी टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता. पण प्रश्न विचारायला माइक कशाला लागतो? रस्त्यावर, दारात, पत्रातून, वर्तमानपत्रातून लोक विचारतच होते. आणि सगळे प्रश्न घरचे. नवऱ्याला सोडून एकटी कशी जाते? जात राहील का? काही बरंवाईट झालं तर?

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई उभ्या राहिल्या. वय सतरा. समोर बंगाली आणि इंग्रज मंडळी. त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. त्या भाषणाची मांडणी बघा. लोक जे जे विचारत होते त्याचे त्यांनी स्वतःच सहा प्रश्न केले आणि एकेकाचं उत्तर दिलं. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय करीन? आणि कुठल्याच बाईनं आजवर केलं नाही ते मीच का करावं?

एकटीच का, या प्रश्नावर त्यांनी लाजून मान खाली घातली नाही. सरळ घरचा हिशेब सांगितला. दोघांनी जायला पैसे नाहीत, आणि नवऱ्यावर म्हाताऱ्या आईवडिलांची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी आहे. धर्माच्या प्रश्नावर सांगितलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. मुंबईत शाळेत जाताना लोक कसे खडे मारायचे, दुकानदार कसे थुंकायचे, तेही त्यांनी भर सभेत सांगितलं. म्हणजे नुसती उत्तरं देऊन त्या थांबल्या नाहीत. विचारणाऱ्यांच्या वागण्याचा हिशेबही त्यांनी लोकांपुढं ठेवला.

पण मैत्रिणींनो, या भाषणात एक गोष्ट नाही. गेलेल्या बाळाच्या दुःखाचं प्रदर्शन नाही. वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत म्हणून बाळ गेलं आणि म्हणून त्या डॉक्टरकीकडं वळल्या, असं आपण आज सगळे सांगतो. त्यांनी मात्र त्या सभेत देशाला बायका-डॉक्टरांची गरज किती आहे, त्यावर भर दिला. घरातलं किती उघडायचं आणि कुठली कडी लावून घ्यायची, हे त्या सतरा वर्षांच्या मुलीनं स्वतः ठरवलं.

पुढं ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पुरी नव्हती.

सिनेमा आला, प्रश्न वाढले

आनंदीबाईंचे प्रश्न ओळखीच्यांचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे होते. बोलपट आल्यावर न बघितलेल्या माणसांनाही नटीच्या घरात डोकवावंसं वाटू लागलं. १९३५ मध्ये मुंबईतून बाबुराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू झालं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना संपादक चटपटीत उत्तरं देत आणि ते सदर लोक आधी उघडून वाचत. अमक्या नटीचं लग्न झालंय का, तिचं खरं नाव काय, असले प्रश्न येत. प्रश्न नटीबद्दल, विचारणारा वाचक, उत्तर देणारा संपादक. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती बाई कुठंच नाही.

याच काळात प्रभात फिल्म कंपनीच्या शांता आपटे फार गाजल्या. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेल्या नीराचं काम त्यांनी केलं. ती नीरा त्या लग्नाला नवरा-बायकोचं नातं मानायला ठाम नकार देते. त्या काळच्या बायकांना ती किती जवळची वाटली असेल!

पण मला त्यांची १९३९ सालची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कंपनीशी कराराचा आणि पैशांचा वाद झाला तेव्हा शांताबाईंनी पुण्याला प्रभातच्या फाटकाशी उपोषण मांडलं. एवढी मोठी नटी फाटकाबाहेर बसली, म्हटल्यावर गर्दी झाली आणि बातम्या झाल्या. नंतर १९४० मध्ये त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. नाव ऐकून वाटेल की आत पडद्यामागच्या चटकदार गोष्टी असतील. तसं नाही. सिनेमा हा धंदा आहे, नट-नट्या त्यातले कामगार आहेत, आणि या धंद्यात त्यांची पिळवणूक कशी होते, हे त्यात आहे. लोकांना नटीचं घर बघायचं होतं. शांताबाईंनी त्यांना कारखाना दाखवला.

आमच्या मावशी "मशीनचं विचारा" म्हणाल्या, ते याहून वेगळं काय होतं?

तिनं स्वतः सांगितलं तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, ताई, म्हणजे बाईनं घरचं बोलूच नये का? दुःख झाकूनच ठेवायचं का? तसं मुळीच नाही. म्हणून तिसरी गोष्ट हंसा वाडकरांची. ही जरा सविस्तर सांगते.

हंसाबाईंचं खरं नाव रतन साळगावकर. वयात यायच्या आधीच घर चालवण्यासाठी त्या सिनेमात आल्या. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून सुरुवात झाली. पुढं 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर राम जोशी'. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून जास्त आठवडे चालला. आपल्या आज्यांनी बैलगाड्या जोडून बघितलेले तमाशापट आठवा, त्यातलं पहिल्या रांगेतलं नाव हंसाबाईंचं.

पडद्यावर संत सखू आणि प्रत्यक्षात वादळ, अशी त्यांच्याबद्दल कुजबुज असायची. १९७० च्या सुमारास पत्रकार अरुण साधू त्यांच्याशी बोलत गेले. हेच पुढं 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' लिहिणारे साधू, तेव्हा तरुण होते. हंसाबाईंनी सांगितलं, त्यांनी शब्दांकन केलं. 'माणूस' साप्ताहिकात ते आलं आणि नंतर राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. नाव, त्यांच्या गाजलेल्या सिनेमाचंच: 'सांगत्ये ऐका'.

त्या पुस्तकात काय नाही? लहानपणापासून कमाईला जुंपलेली पोर आहे, बिनसलेला संसार आहे, दारू आहे, पुरुष आहेत. आणि आपल्या भागाशी जोडलेलं एक प्रकरणही आहे. सिनेमातलं सगळं सोडून त्या एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन राहिल्या. त्याच्या घरात आधीच्या बायका होत्या. पडद्यावर हजारोंना भुरळ घालणारी बाई तिथं वाड्याच्या आत, डोक्यावर पदर घेऊन राबत होती. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. तसले वाडे आपण पाहिलेत. काही अजून उभे आहेत.

पुस्तक आलं तेव्हा खळबळ उडाली. एवढं उघडं बोलायची काय गरज होती, असं म्हणणारे होते. पण पुस्तकाकडं नीट बघा. जे मी मावशींकडून काढून घेतलं, त्याहून कितीतरी जास्त हंसाबाईंनी सांगितलं आहे. तरी मला माझी लाज वाटते आणि त्यांचा अभिमान वाटतो. असं का?

एक म्हणजे वेळ त्यांची होती. चाळिशी उलटून गेल्यावर, आयुष्य बघून झाल्यावर त्या बोलल्या. दुसरं, क्रम त्यांचा होता. दुःखाची एक रात्र उचलून कुणी वेगळी दाखवली नाही. त्या रात्रीच्या आधीचा दिवस आणि नंतरची सकाळही त्यांनीच सांगितली, सोबत कामाचं, कलेचं, पैशाचंही सांगितलं. आणि तिसरं, विचारणारा पुस्तकात कुठं दिसतच नाही. साधूंनी स्वतःला मागं ठेवलं. पुढं या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, त्याचं नाव 'यू आस्क, आय टेल' असं आहे. म्हणजे तुम्ही विचारा, मी सांगते. मराठी नावात मात्र विचारणं नाहीच. मी सांगत्ये, तुम्ही ऐका. मला मराठी नाव जास्त खरं वाटतं.

हंसाबाई १९७१ मध्ये गेल्या, पन्नाशी गाठायच्या आत. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यांच्या आयुष्यावरून 'भूमिका' काढला. त्यातल्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही स्मिता आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. गंमत नाही, दुर्दैव बघा: जिनं हंसाबाईंच्या आयुष्याची ओढाताण पडद्यावर दाखवली, तिच्याही घरसंसारावर सिनेमाच्या मासिकांनी पानंच्या पानं भरली. १९८६ मध्ये एकतिसाव्या वर्षी ती गेली, तरी ते थांबलं नाही.

विचारणारी बाई असली तरी

एक गोष्ट कबूल करायला हवी. हे सगळं पुरुषांनीच केलं, असं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत सिनेनटांच्या भानगडी लिहून सगळ्यात गाजलेली लेखणी देवयानी चौबळांची होती, म्हणजे एका मराठी बाईचीच. १९७१ मध्ये मुंबईत 'स्टारडस्ट' निघालं, त्याच्या पहिल्या संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. त्याही मराठी घरातल्या. मासिक तडाखेबंद खपलं, कारण आपण ते वाचलं. पार्लरमध्ये, एसटीच्या प्रवासात, शेजारणीकडून मागून आणून वाचलं. विचारणारी बाई असली म्हणजे प्रश्न मायेचा असतोच, असं नाही. ही गोष्ट मी माझ्यावरून सांगते.

दुसरी तऱ्हाही त्याच काळात होती. दूरदर्शनवर तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा मुलाखतींचा कार्यक्रम सत्तरच्या दशकात सुरू झाला आणि वीस वर्षं चालला. पाहुणा हसत यायचा, हसत जायचा. घरचं बोलणं निघायचं, पण घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं. लोक तो कार्यक्रमही तेवढ्याच आवडीनं बघायचे. म्हणजे रडवलं नाही तर कोणी ऐकत नाही, हे काही खरं नाही.

एकच किस्सा किती वेळा?

आणखी एक दुखणं आहे, ते लोककलावंत बायकांच्या वाट्याला जास्त येतं. विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढलं की एकच किस्सा सांगितला जातो. पोटुशी असताना फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा घुंगरू बांधून उभ्या राहिल्या. ऐकताना अंगावर काटा येतो. पण पन्नास वर्षं त्याच किश्श्यावर थांबायचं का? दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई फड कसा चालवायची? शेकडो किलोमीटर ट्रक फिरवत माणसांची पोटं कशी भरायची? पावसाळ्यात उसनवारी कुणाकडून आणायची? २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले होते. बाळंतपणाचं विचारणाऱ्या शंभरांतल्या दहांनी जरी फडाच्या हिशेबाचं विचारलं असतं, तर तमाशातल्या बाईच्या म्हातारपणाची सोय काय, हा प्रश्न कदाचित आधीच पुढं आला असता. चुकीचा प्रश्न बाईला दुखावतो, आणि बरोबर प्रश्नाची जागाही खातो.

अगदी अलीकडचं

२०१६ मध्ये टेनिसपटू सानिया मिर्झाचं आत्मचरित्र आलं. मुंबईत जन्मलेली ही मुलगी तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. टीव्हीवरच्या मुलाखतीत राजदीप सरदेसाईंनी तिला विचारलं की स्थिरस्थावर कधी होणार, आई होण्याचं काय. सानियानं शांतपणे, पण सरळ सुनावलं की मी आई होण्याऐवजी जगात पहिली राहणं निवडलं, यानं तुमची निराशा झालेली दिसते. बाईनं विम्बल्डन जिंकलं तरी ती स्थिरावली असं लोक मानत नाहीत, हेही ती बोलली. सरदेसाईंनी तिथल्या तिथं माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला हा प्रश्न मी विचारला नसता, हे कबूल केलं. मला त्या दोघांचंही कौतुक वाटतं. तिनं हसून वेळ मारून नेली नाही, आणि त्यांनी चूक झाकली नाही.

आता वाहिन्यांवर तर मुलाखतींचे कार्यक्रमच त्यावर बेतलेले असतात. झी मराठीवर अवधूत गुप्तेंचा 'खुपते तिथे गुप्ते' येऊन गेला. नावातच सांगितलंय की खुपेल तिथंच बोट ठेवणार. २०२२ मध्ये सुबोध भावे यांचा 'बस बाई बस' आला, त्यात पाहुणी बाई आणि समोर प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या बायका. अशा ठिकाणी जाणाऱ्या पुढाऱ्याला, नटीला निदान माहीत असतं की आपण कुठं चाललोय. त्यांच्याजवळ सल्लागार असतात, उत्तर टोलवायची सवय असते, आणि कार्यक्रम संपला की गाडीची काच वर करून घरी जाता येतं.

आमच्या मावशींना काच नव्हती. हे मला आज सगळ्यांत ठासून सांगायचं आहे. सामुदायिक रेडिओचं बळ आपल्याला माहीत आहे. सरकारनं २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रं चालवायची परवानगी दिली, म्हणून तर शेजारच्या तेलंगणातल्या माचनूरला शेतकरी बायका स्वतःचा रेडिओ चालवतात आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशीच्या बायका. या केंद्रांचा आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. टीव्हीवरची नटी ऐकणाऱ्याला भेटत नाही. आपल्या रेडिओवरची बाई मात्र ऐकणाऱ्यालाच भेटते. नळावर भेटते, रेशनच्या रांगेत भेटते, तिच्या पोराच्या वर्गातली पोरं ऐकणाऱ्यांचीच असतात. मोठ्या चॅनेलपेक्षा आपला माइक लहान आहे, म्हणून आपली जबाबदारी कमी नाही. ती जास्त आहे.

मग आता आम्ही काय करतो?

मुलाखतीला येणाऱ्या बाईला आधी घरी जाऊन प्रश्न वाचून दाखवतो. कुठला नको, ते तिनं सांगायचं, कारण द्यायचं नाही. बोलताना तिला थांबावंसं वाटलं तर हात वर करायचा, आम्ही मशीन बंद करतो. रेकॉर्डिंग झालं की तिला ऐकवतो, आणि तिनं हो म्हटल्याशिवाय ते प्रसारित होत नाही. यात चार दिवस जास्त जातात. जाऊ द्या.

एखादीला स्वतःचं दुःख सांगायचं असेल तर तिचं स्वागतच आहे. तिला आम्ही अडवत नाही. फक्त आधी विचारतो, "ताई, हे उद्या तुमच्या लेकीनं ऐकलं तर चालेल ना?" आणि कुणाच्या घरात मारझोड चालू असेल तर तिला आधी माइक नाही, मदत हवी असते. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू असते. अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करायला तर कायद्यानंच बंदी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ त्यासाठीच आहे. आपल्यापैकी जी कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढते आणि ग्रुपवर टाकते, तिनंही हे लक्षात ठेवावं. आता प्रत्येकीच्या हातात माइक आहे.

मावशींचं काय झालं, हे विचाराल. पाचव्या महिन्यात त्या बैठकीला आल्या. वहीत सही केली, चहा पिऊन गेल्या, मुलाखतीचा विषय निघाला नाही. मागच्या दिवाळीआधी त्यांनीच मला फोन केला आणि म्हणाल्या, "सणाच्या तोंडावर बायका मसाला बिघडवून ठेवतात. त्यावर बोलू का रेडिओवर?" त्या बोलल्या, चाळीस मिनिटं. मिरची किती ऊन दाखवून आणायची, ब्याडगी आणि गुंटूरचं प्रमाण काय धरायचं, ओली मिरची यंत्रात टाकली तर मोटार कशी जळते, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही. मध्येच जोरात हसल्याही. मालकांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

त्यांची लेक आता बारावीला आहे. आईशी बोलते. माझ्याशी अजून बोलत नाही. रस्त्यात दिसले की मान वळवते. ते मला चुकवता येणार नाही, आणि येऊही नये.

पुढच्या वेळी गटाच्या अंतर्गत कर्जाच्या व्याजाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.